लाल शर्टाचं टोक

लेम्पीने लाल शर्टाचं मागचं टोक पँटमध्ये खोचलं, कमरेचा पट्टा एक भोक आवळला आणि बाणांचा भाता खांद्याला अडकवला. समोर जावई उभा होता. त्याच्या हातात पानाफांद्यांच्या छापाचं एक जाकीट होतं, आणि ते त्याने असं पसरून धरलं होतं की जणू सासूबाईंना त्यात गुंडाळूनच जंगलात सोडायचं त्याने ठरवलं होतं.

"आई, ऐका माझं. एवढं वरून घाला फक्त."

"नको."

"अहो, लाल आहे तो शर्ट! शंभर पावलांवरून माणूस ओळखेल."

"माणूस ओळखेल ना? मला कुठे माणूस मारायचाय?"

स्टोव्हपाशी बूट चढवत बसलेला ऑस्कर खो खो हसला. ऑस्कर हेइक्किला, जंगलातल्या या शिकारी कॅम्पवरचा जुना सोबती, ऐंशीचा झाला होता, डाव्या कानाने ठार बहिरा होता आणि उजव्याने सोयीपुरतं ऐकत असे. हे मात्र त्याने नेमकं ऐकलं होतं.

"डॅरेल, पुलाखालच्या लोकांना हे कळायचं नाही," तो म्हणाला. "तुमच्याकडे हरीण दुकानात मिळतं."

डॅरेल ओशाळून हसला. सरोवरावरच्या मोठ्या पुलाच्या दक्षिणेला, शहरांकडे जन्मलेल्या माणसाला इथे मरेपर्यंत हा टोमणा ऐकावा लागतो, आणि डॅरेल तर कांगस घराण्याचा जावई होता, त्यामुळे त्याच्या वाट्याला तो दुप्पट यायचा. माणूस वाईट नव्हता. पण त्याला दुकानातल्या वस्तूंवर फार विश्वास होता. टोपीपासून मोज्यांपर्यंत त्याच्या अंगावर पानं होती. गालांवर हिरव्या-काळ्या रेघोट्या ओढलेल्या होत्या. एवढ्या जय्यत तयारीचा माणूस चुलीपाशी उभा राहून दुधाची कॉफी पीत होता, हे लेम्पीला बघायला गंमत वाटे. तो जवळ आला की अंगाला लव्हेंडरचा मंद वास यायचा. कारीनने, लेम्पीच्या लेकीने, नवऱ्याचे कपडे मोठ्या मायेने धुतले होते.

"रेनोने या शर्टात एकोणीस नर आणले," ऑस्कर म्हणाला. "आणि त्या भिंतीवर त्याचं टोक नाही. एकसुद्धा नाही. काय वाइनो?"

वाइनो, लेम्पीच्या नवऱ्याचा, रेनोचा, धाकटा भाऊ, आता या कॅम्पचा कारभारी. तो वाकून बुटाची नाडी बांधत राहिला, ती मघाशी बांधून झाली होती तरी.

भिंतीवर कापडाचे सोळा तुकडे खिळ्यांनी ठोकलेले होते. चौकड्यांचे, पट्ट्यापट्ट्यांचे, धुराने काळवंडलेले. कांगसांच्या कॅम्पचा हा रिवाज वाइनोच्या बापाच्या काळापासून चालत आलेला. हरणावर बाण सोडला आणि चुकला, तर संध्याकाळी परत येऊन आपल्या तोंडाने कबूल करायचं. मग त्या माणसाच्या अंगातल्या शर्टाचं मागचं टोक कापायचं, त्यावर नाव, साल आणि किती पावलांवरून चुकला ते लिहायचं, आणि भिंतीवर ठोकायचं. शिवाय त्या रात्रीपासून दुसऱ्या रात्रीपर्यंत सगळ्यांची भांडी त्याने घासायची, आणि तोवर त्याला जंगल बंद. सोळांतले सात तुकडे ऑस्करचे होते, तीन वाइनोचे, पाच जुन्या मंडळींचे. एक पांढरा होता, बनियनचा. गेल्या वर्षी डॅरेलने महागाच्या जाकिटाला कात्री लावू दिली नव्हती, म्हणून आतलं बनियन कापलं होतं.

जंगलात जो तो एकटा बसतो. बाण सुटला की नाही हे त्याला ठाऊक आणि हरणाला ठाऊक. 'आलंच नाही' एवढे दोन शब्द म्हटले की शर्ट शाबूत राहतो आणि दुसरा दिवसही हाताशी राहतो. म्हणून तर त्या भिंतीला मान होता. तिच्यावरचा प्रत्येक तुकडा कुणीतरी आपणहून दिलेला होता.

लेम्पी या भिंतीकडे अडतीस वर्षं बघत आली होती, पण ती मोरीपाशी उभी राहून. ऑक्टोबरच्या दर शनिवारी ती टोपलीभर गरम पेस्ट्या घेऊन यायची, खीमा, बटाटा आणि रुटाबागाचा कंद भरलेल्या मोठ्या भाजक्या करंज्या, माणशी दोन. आठवड्याचा भांड्यांचा ढीग घासायची आणि अंधार पडायच्या आत घरी परतायची. बायकांनी कॅम्पवर मुक्काम करायचा नाही असा नियम कुणी केला नव्हता. पण मोडलाही कुणी नव्हता.

मार्चमध्ये रेनो गेला. जूनमध्ये तिने वाइनोला गाठून सरळ विचारलं, "रेनोची खाट मला हवी."

कॅम्पमध्ये भिंतीला ठोकलेल्या तीनच खाटा होत्या. वाइनोची, ऑस्करची आणि रेनोची. डॅरेल दोन वर्षं स्टोव्हपाशी घडीच्या पलंगावर झोपत होता, आणि रेनोची खाट आता आपल्याकडे येणार असं त्याने धरूनच ठेवलं होतं. यात त्याचं काही चुकलं होतं असंही नाही. सगळ्यांनीच तसं धरलं होतं.

वाइनोने बराच वेळ हनुवटी खाजवली. मग म्हणाला, "वहिनी, खाट शिकाऱ्याची असते. ऑक्टोबरमध्ये ये. दोन दिवस बस रेनोच्या जागेवर. मग बघू."

ती सगळा उन्हाळा गोठ्यामागे गवताच्या गासड्यांवर बाण मारत होती. वीस पावलांवर उभी राहायची आणि रोज साठ बाण मारायची. ऑगस्ट संपेपर्यंत साठांतले पन्नास बशीएवढ्या जागेत जायला लागले होते.

आज पहिला दिवस होता. काल संध्याकाळी ती आली तेव्हा रेनोच्या खाटेवर डॅरेलची बॅग ठेवलेली होती. कुणी ती हलवली नाही. लेम्पी घडीच्या पलंगावर झोपली, डॅरेल जमिनीवर.

"लागली पैज?" डॅरेल जाकिटाची घडी करत म्हणाला. "तुम्हाला या शर्टात पन्नास पावलांच्या आत हरीण दिसलं, तर माझी टोपी तुमची."

"तुझी टोपी घेऊन मी काय करू? लव्हेंडरचा वास येतो तिला," लेम्पी म्हणाली आणि दार उघडून बाहेर पडली.

रेनोची जागा दलदलीच्या कडेला होती. एका जुन्या सीडरच्या बुंध्याला टेकून एक पालथी पत्र्याची बादली ठेवलेली, बस्स. मचाण नाही की आडोसा नाही. लेम्पी बादलीवर बसली, पाठ बुंध्याला लावली, धनुष्य मांडीवर आडवं घेतलं. उजाडलं. सरोवराकडून आलेला वारा दलदल ओलांडून तिच्या तोंडावर येत होता, म्हणजे बरोबर होता. मेपलची पानं गळून गेली होती. समोर मोकळ्या जागेपलीकडे एक पांढऱ्याफटक सालीचा भूर्जवृक्ष उभा होता.

रेनो या विषयावर फार बोलायचा नाही. पण डॅरेल पहिल्यांदा पानाफांद्यांचा पोशाख घालून आला, त्या रात्री घरी परतल्यावर तो एवढंच म्हणाला होता, "कपडे हरणासाठी नसतात, माणसाच्या मनासाठी असतात. ज्याला वाटतं की आपण दिसत नाही, तो हलतो. माझ्या अंगावर लाल असतं, म्हणून मी गप्प बसतो."

गप्प बसणं लेम्पीला कुणी शिकवायची गरज उरली नव्हती. रेनो अकरा महिने अंथरुणाला खिळला होता. शेवटच्या तीन महिन्यांत त्याला तिच्या दंडावर डोकं ठेवल्याशिवाय झोप लागत नसे, आणि तिने बोट जरी हलवलं तरी तो दचकून जागा व्हायचा. म्हणून ती हलायची नाही. दंडाला मुंग्या यायच्या, मग दंड बधिर व्हायचा, मग आपल्याला दंड आहे हेच तिला आठवेनासं व्हायचं. त्यापुढे बादलीवर बसणं म्हणजे काहीच नव्हतं.

त्याच दिवसांत एकदा, फेब्रुवारीत, दुपारी त्याने डोळे उघडले आणि म्हणाला, "लेम्पी, भिंतीवर माझं एक टोक असायला हवं होतं."

"कसलं टोक?"

"चौऱ्याण्णव साली. नर वीस पावलांवर होता. बाण मागच्या भूर्जात रुतला. निघेना, म्हणून मोडून टाकला. आणि घरी येऊन म्हणालो, आलंच नाही."

"तू? का पण?"

"हाच शर्ट होता अंगात. तू त्याच उन्हाळ्यात शिवला होतास. कारीन लहान होती, रात्री तिला निजवून मशीनवर बसायचीस. वाइनोने त्याला कात्री लावली असती."

लेम्पीला हसू आवरेना. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. तो मात्र रागावला होता.

"हसू नकोस. खोटं बोललो मी त्या भिंतीपुढे. तीस वर्षं ऑस्कर माझ्या नावाची फुशारकी मारतो आणि मी ऐकून घेतो."

तिने हा शर्ट घालायचं ठरवलं ते त्या दुपारी. डॅरेलला वाटत होतं की ती हट्टापायी घालते.

सकाळ गेली. दुपारी तिने खिशातला वेलदोड्याचा पाव हळूहळू खाल्ला. तीन माद्या लांबून गेल्या, साठ-सत्तर पावलांवरून, आणि त्यांच्यातल्या एकीनेही मान वळवली नाही. उन्हं कलली. भूर्जाची सावली तिच्या बुटांपर्यंत आली, आणि तेव्हा तिला पाचोळ्यात पाय पडल्याचा आवाज आला. खार असा आवाज करत नाही. खार घाईत असते.

नर होता. एका शिंगाचं टोक मोडलेलं, मान जाड. दलदलीतून वर आला, थांबला आणि सरळ तिच्याकडे बघायला लागला.

लेम्पीच्या अंगावर लाल-काळ्या चौकड्यांचा शर्ट, आणि समोर उघड्या जागेत तो. त्याने पुढचा पाय आपटला. मान खाली घातली आणि झटकन वर केली. रेनो सांगायचा, ते फसवतात, खाली बघितल्यासारखं करतात आणि तुम्ही हलता का ते बघतात. ती हलली नाही. तिने डोळेसुद्धा अर्धे मिटून घेतले. त्याने पुन्हा पाय आपटला. तिने मनात रेनोचं डोकं दंडावर घेतलं आणि बसून राहिली.

मग त्याने खरोखरच मान खाली घातली. त्याच्या दृष्टीने तिथे एक बुंधा होता आणि बुंध्यापाशी काहीतरी मळकट होतं, मागेही असायचं, त्याच्याही आधी असायचं. तो चरत चरत पुढे आला. तीस पावलं. वीस. लेम्पी त्याच्या थांबण्याची वाट बघत होती, आणि तो थांबतच नव्हता. पंधरा. त्याच्या नाकपुड्यांतून निघणारी वाफ तिला दिसायला लागली. एका फरच्या झाडामागे त्याचं डोकं गेलं तेव्हा तिने धनुष्य उचललं आणि दोरी ओढली. डोकं बाहेर आलं. खांद्यामागची जागा तिच्यासमोर होती, हात लांब केला तर लागेल इतकी जवळ.

बाण सुटला आणि त्याच्या पाठीच्या दोन बोटं वरून गेला.

नराने एकच उडी घेतली. पाचोळा उडाला, दलदलीत पाणी वाजलं, आणि मग काही नाही.

लेम्पी उभी राहिली.  आपण काय चुकलो ते तिला लगेच कळलं. वीस पावलांवर बाण थोडा खाली उतरतो, म्हणून हात तेवढा वर धरायची सवय तिने साऱ्या उन्हाळ्यात अंगी बाणवली होती. इतक्या जवळून मारायची तिने कधी तयारीच केली नव्हती. म्हणजे डॅरेलला काय बोलायचं! या शर्टात हरीण इतक्या जवळ येईल, यावर तिचा स्वतःचाही विश्वास नव्हता.

तिने बादलीपासून खुरांच्या ठशांपर्यंत पावलं मोजली. दहा. पटेना म्हणून परत मोजली. दहाच.

बाण मागच्या भूर्जात रुतला होता. तिने चाकूने साल थोडी सैल केली, हलवून हलवून बाण ओढून काढला. आणि तेव्हा तिला त्याच्या वितभर खाली एक जुना व्रण दिसला. काळा, फुगलेला, साल आत वळून मिटलेली. झाडाची जुनी जखम भरली की अशी दिसते.

लेम्पीने त्याच्यावर अंगठा ठेवला. मग दुसरा अंगठा आपल्या बाणाच्या भोकावर ठेवला. "वा रे वा," ती म्हणाली. "नवरा-बायको दोघं मिळून एकाच झाडाच्या मागे लागलो."

अंधार पडायला तासभर होता. बाण पुसून भात्यात परत ठेवला की झालं. उद्याचा दिवस होताच. तो नर मोठा होता, दलदल सोडून कुठे जाणार नव्हता, आणि उद्या ती हात कुठे धरायचा ते शिकून बसली असती. आज खरं सांगितलं तर शर्ट जाणार, उद्याचं जंगल जाणार, आणि उद्याबरोबर खाटही.

"आलंच नाही," तिने मोठ्याने म्हणून बघितलं. शब्द सोपे होते. पण तिच्या तोंडून ते निघाले तसे रेनोच्या आवाजात ऐकू आले, फेब्रुवारीतल्या त्या रागावलेल्या आवाजात.

ती कॅम्पवर पोचली तेव्हा दिवा लागला होता आणि तिघेही परतले होते. डॅरेल टोपी काढून चरफडत होता.

"दोनदा! दोनदा हरणं आली माझ्यासमोर, आणि दोन्ही वेळा मला बघून फुसकारून पळाली. मी दिसणं शक्यच नाही! चेहरासुद्धा रंगवलाय मी!"

"कपडे कशात धुतलेस?" वाइनोने विचारलं.

"कारीनने धुतले. चांगल्या पावडरीत. त्या निळ्या दाण्यांच्या."

"पांढरे शुभ्र करते, तीच ना?" वाइनोने शांतपणे पाइप झटकला. "हरणाला लाल नीट दिसत नाही पोरा, पण निळं लखलखीत दिसतं. तू आज दिवसभर दिव्यासारखा पेटून बसला होतास. वर वास वेगळाच."

"म्हणजे कपड्याने फरक पडतो तर!" डॅरेल म्हणाला.

"पडतो ना. धुतल्याने पडतो."

ऑस्करला हे पुन्हा सांगावं लागलं, आणि मग तो इतका हसला की त्याला ठसका लागला. त्याला स्वतःला काही दिसलं नव्हतं. वाइनोलाही नाही. मग तिघांनी लेम्पीकडे पाहिलं.

"आणि तुमचं काय, आई?" डॅरेल म्हणाला. आवाजात कुचेष्टा नव्हती, पण थोडी आशा होती. "पन्नास पावलांच्या आत आलं काही?"

लेम्पीने धनुष्य खुंटीला लावलं.

"आला," ती म्हणाली. "नर होता. डाव्या शिंगाचं टोक मोडलेलं. बाण मारला आणि चुकला."

स्टोव्हमध्ये लाकूड तडकलं.

"किती पावलांवरून?" वाइनोने विचारलं.

"दहा."

"चाळीस?" ऑस्कर कानाशी हात नेत म्हणाला.

"दहा!" लेम्पी ओरडली. "दहा, ऑस्कर! दोनदा मोजलीत. पाठीच्या दोन बोटं वरून गेला. माझ्याकडे बघत बघत आला, या शर्टाकडे बघत, आणि दहा पावलांवर येऊन उभा राहिला. आणि मी चुकले!"

हे ती ओरडून सांगत होती खरी, पण आपल्या आवाजात लाज नाही हे तिचं तिलाच कळलं. अभिमान होता, उघड, छाती भरून आलेला. ऑस्करचा तोंडाकडे नेलेला कप तसाच राहिला. भिंतीवरच्या सोळा तुकड्यांत सगळ्यात जवळचं अंतर अठरा पावलांचं होतं. दहा पावलांवरून चुकणं ही केवढी फजिती, हे त्यांच्यातल्या प्रत्येकाला कळत होतं. आणि रानटी नराला बिनआडोशाने दहा पावलांपर्यंत येऊ देणं म्हणजे काय, हेही कळत होतं.

"तुम्ही सांगितलं नसतं तर..." डॅरेल हळूच म्हणाला. "उद्याचा दिवस होता ना तुमच्याकडे."

"होता," लेम्पी म्हणाली.

वाइनो उठला. भिंतीवरची कात्री खिळ्यावरून काढली. आणि मग तिच्या मागे जाऊन नुसता उभा राहिला.

"वहिनी," तो म्हणाला, "हा रेनोचा शर्ट आहे."

"मी शिवलाय तो. आणि आज मी घातलाय," लेम्पी म्हणाली. तिने पाठ त्याच्याकडे केली आणि पँटमधून शर्टाचं टोक ओढून बाहेर काढलं. "काप."

जाड लोकर होती. कात्री जुनी होती, तिने दोनदा चावा घेतला तेव्हा कुठे तुकडा सुटला. ऑस्करने शाईच्या पेनाने त्यावर लिहिलं, जीभ दाताखाली धरून, मोठ्या अक्षरांत. लेम्पी कांगस, साल, आणि दहा पावलं. दहाच्या खाली त्याने दोन रेघा ओढल्या. वाइनोने तो ठोकला. त्यासाठी भिंतीच्या मधोमध, बापाच्या तुकड्याशेजारी, जागा केली.

डॅरेल जरा वेळ त्या लाल तुकड्याकडे बघत उभा राहिला. मग रेनोच्या खाटेपाशी गेला, आपली बॅग उचलली आणि घडीच्या पलंगावर नेऊन ठेवली. येताना लेम्पीची पिशवी आणून खाटेवर ठेवली आणि आपली ती लव्हेंडरची टोपीही वर ठेवली.

"अरे, वाइनो अजून काही बोलला नाही," लेम्पी म्हणाली.

"काय बोलायचंय आता?" वाइनो म्हणाला. "जेवायला बसा."

"घोरते का ही?" ऑस्करने विचारलं.

"तुला ऐकू येणार आहे का?" लेम्पी म्हणाली.

जेवण झालं. डॅरेल भांडी गोळा करायला उठला तशी लेम्पीने त्याच्या हातावर चापट मारली.

"हात लावू नकोस. माझी आहेत ती."

अडतीस वर्षं तिने याच मोरीत याच ताटल्या घासल्या होत्या. आज बाह्या सरसावताना ती ताठ उभी होती, आणि मागे शर्ट अर्धा आखूड झाल्यामुळे कमरेला गार लागत होतं. ते तिला आवडलं.

"उद्या रात्रीपर्यंत माझी," ती फडकं पिळत म्हणाली. "आणि परवाचीही मीच घासणार."

"परवाची का?" डॅरेल म्हणाला. "नियम एकाच दिवसाचा आहे, आई. परवा तुम्ही जंगलात जा. तो नर तिथेच असेल."

"परवाचीही," लेम्पी म्हणाली. "जंगल तेरवा."

डॅरेल काही बोलणार होता. पण वाइनो उठून मोरीपाशी आला. त्याने दांडीवरचं कोरडं फडकं घेतलं आणि तिच्या शेजारी उभा राहून ताटल्या पुसायला लागला. वाइनोला कुणी कधी ताटली पुसताना पाहिलं नव्हतं.

"घासू दे तिला," तो खांद्यावरून म्हणाला. मग आवाज खाली आणून, फक्त तिला ऐकू जाईल असं, "चौऱ्याण्णव सालची राहिलीत."

लेम्पीच्या हातातली ताटली पाण्यात सुटली. मागे ऑस्कर पत्ते पिसत होता आणि डॅरेलला रेनोच्या एकोणीस नरांची गोष्ट सांगायला बसला होता.

"तुला ठाऊक होतं?"

"त्या भूर्जातलं बाणाचं टोक मीच काढलं होतं. पुढच्या वसंतात, चाकूने."

"आणि तीस वर्षं गप्प राहिलास?"

वाइनोने ताटली पुसली, उजेडात धरून बघितली आणि फळीवर ठेवली.

"शर्ट चांगला होता, वहिनी," तो म्हणाला आणि पुढच्या ताटलीसाठी हात पुढे केला.